पिसातले प्रथिन, गंधकाचे टाके

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी राजवाडी होळी पेटते तेव्हा सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आलेले नर्तक मोरपिसांचे उंच टोप घालून रात्रभर नाचतात. हे टोप दरवर्षी नवे करावे लागत नाहीत. नीट जपला तर एकाच टोपावर अनेक होळ्या निघतात. मोराने पीस गाळले त्याला वर्षे लोटलेली असतात, तरी ते कुजत नाही आणि त्याला वासही येत नाही. कोंबडीचे मांस मात्र वैशाखातल्या उन्हात एका दिवसात नासते. मांस हे प्रथिन आहे आणि पीसही जवळजवळ सगळे प्रथिनच आहे. मग जे जिवाणू मांसावर तुटून पडतात ते पिसाकडे पाठ का फिरवतात?

टोपाच्या बाबतीत हा चिवटपणा वरदान ठरतो. कोंबडीच्या दुकानामागच्या ढिगाऱ्यात त्याचीच डोकेदुखी होते. नंदुरबार जिल्ह्यात नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे. सुरत-धुळे महामार्गाच्या आजूबाजूला असलेल्या तिथल्या शेडमध्ये प्रामुख्याने अंडी देणाऱ्या लेयर कोंबड्या असतात. अंडी कमी झाली की त्या जिवंतच विकल्या जातात. त्यामुळे त्यांची पिसे नवापुरातल्या शेडपेक्षा नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा सुरतेच्या बाजारातल्या चिकनच्या दुकानांमागे साचतात. देशाचा हिशेब मांडला तर ढीग केवढा आहे हे कळते. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. देशाच्या एकूण मांस उत्पादनापैकी निम्मे, म्हणजे वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास, कोंबडीचे असते. जिवंत पक्ष्याच्या वजनात कोरड्या पिसांचा वाटा ५ ते ७ टक्के धरतात. मांसापेक्षा जिवंत वजन बरेच जास्त असते, म्हणून यातला खालचा आकडा घेतला तरी वर्षाकाठी साडेतीन लाख टन कोरडी पिसे होतात आणि त्यातला बराच भाग नाल्यात, उकिरड्यावर किंवा खड्ड्यात जातो.

याच पक्ष्यांना वाढवण्यासाठी आपण सोयापेंड विकत घेतो. अंड्याच्या उत्पादनखर्चात दोन तृतीयांशाहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि खाद्यातला महाग भाग म्हणजे प्रथिन. ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येते, जिथे अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना अंडी दिली जातात, तिथे अंडे स्वस्त राहणे ही मोठी गोष्ट आहे. त्यामुळे पिसातले प्रथिन मोकळे करणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, हा विषय प्रयोगशाळेपुरता उरत नाही. या विकरांचे संशोधन गेली कित्येक दशके चालू आहे. माझे म्हणणे असे की, त्यातला बराच काळ ‘अधिक धारदार’ विकर शोधण्यात गेला आणि खरी अडचण धारेत नव्हती. ती कशात होती हे समजायचे तर आधी पिसाची घडण पाहावी लागेल.

पीस कशाचे बनते

पिसाच्या वजनात सुमारे ९० टक्के केराटीन नावाचे प्रथिन असते. आपले केस, नखे, गुराचे शिंग, मेंढीची लोकर ही सगळी केराटीन कुळातलीच. कोणतेही प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. कोंबडीच्या पिसातल्या केराटीनची एक साखळी तशी छोटी, शंभराच्या आसपास अमिनो आम्लांची असते. ही साखळी घड्या घालत सपाट पट्ट्यासारखी बसते, पट्ट्यावर पट्टा चढतो, त्यांचे बारीक तंतू होतात आणि तंतूंची दाट वीण होते. त्या साखळीत सिस्टीन हे गंधक असलेले अमिनो आम्ल सात-आठ ठिकाणी येते. शेजारच्या दोन सिस्टीनमधले गंधकाचे अणू एकमेकांना धरतात आणि दोन पट्टे पक्के जोडले जातात. केस किंवा पीस जळताना जो उग्र दर्प येतो, तो मुख्यतः याच गंधकामुळे. गावठी कोंबडी जाळावर भाजून घेताना तो प्रत्येकाने अनुभवलेला असतो.

घरची गोधडी डोळ्यांपुढे आणली तर पुढचे सारे सोपे होते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि बारीक धावदोऱ्याने सगळीकडून शिवून काढायचे. एकेकटे लुगडे विरलेले असते, कात्रीने सहज कापता येते. दाट टाक्यांची गोधडी मात्र त्याच कात्रीला दाद देत नाही. पाते थरांच्या आत शिरतच नाही, कडेचे चार धागे तेवढे कुरतडले जातात. केराटीनचे पट्टे म्हणजे हे थर आणि गंधकाचे बंध म्हणजे हे टाके. मांसातली प्रथिने बिनटाक्याच्या सुट्या कापडासारखी असतात, म्हणून ती लवकर कातरली जातात. आपल्या पोटातली पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही विकरेसुद्धा कात्र्याच आहेत. मांस, डाळ, अंडे त्या कापतात, पण पिसापुढे हरतात. घुबड गिळलेल्या पाखराची पिसे गोळा करून तोंडावाटे परत टाकते ते याचमुळे. कोंबडीला कच्ची पिसे दळून खाऊ घातली तरी ८० टक्क्यांहून अधिक प्रथिन असलेला हा पदार्थ जवळजवळ तसाच बाहेर पडतो.

वाफेचा मार्ग

यावर उद्योगाने फार पूर्वीच एक उपाय काढला आहे. पिसे मोठ्या दाबपात्रात घालून १३० ते १४५ अंश सेल्सियसच्या वाफेत शिजवायची, वाळवायची आणि दळायची. यातून ‘फेदर मील’ म्हणजे पीसपूड मिळते आणि जगभर ती पशुखाद्यात आणि माशांच्या खाद्यात वापरली जाते. मग विकरांची गरजच काय, असा आक्षेप इथे कोणीही घेईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर पीसपुडीच्या गुणवत्तेत सापडते. इतक्या उष्णतेत टाके तुटतात खरे, पण थरही होरपळतात. लायसीनसारखी नाजूक अमिनो आम्ले नष्ट होतात. सिस्टीनच्या एका भागाचे लॅन्थिओनीन बनते आणि ते पक्ष्याच्या फारसे उपयोगाचे नसते. कमी शिजवले तर पचत नाही, जास्त शिजवले तर सत्त्व जाते आणि दोन्हींच्या मधली वेळ प्रत्येक घाण्यात अचूक साधत नाही. म्हणून एका कारखान्याची पूड पक्ष्याच्या अंगी लागते आणि दुसऱ्याची तेवढी लागत नाही. दाबपात्र, बॉयलर आणि इंधन यांचा खर्चही असतो, जो रोज काही टन पिसे हाती येतील तिथेच परवडतो. नंदुरबारसारख्या विखुरलेल्या बाजारपेठांच्या जिल्ह्यात ही अट जड जाते.

वाफेखेरीज दुसरा एक भौतिक मार्ग आपल्याच राज्यात पुढे आला आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केस, लोकर आणि पिसे यांसारख्या केराटीनच्या कचऱ्यापासून खत आणि पाळीव प्राण्यांचे खाद्य करण्याची पद्धत विकसित केली. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने तिची माहिती जाहीर केली. या पद्धतीत आधी कच्च्या मालावर पूर्वप्रक्रिया करतात आणि मग वाहत्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून फोडतात. बुडबुडा मिटतो त्या क्षणी, अगदी बारीकशा जागी, प्रचंड दाब आणि उष्णता तयार होते आणि त्या तडाख्याने केराटीनची वीण सैल पडते. मला ही पद्धत विकरांची स्पर्धक वाटत नाही. वीण आधी सैल झाली तर कात्रीचे काम किती हलके होईल, हा विचार तिच्यामुळे अधिक ठळक होतो.

कोंबडखताच्या टाकीतला जिवाणू

निसर्गात पिसे अजिबात कुजत नसती तर जंगलात पाऊल ठेवायला जागा उरली नसती. म्हणजे केराटीन पचवणारे कोणीतरी आहेच. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जेसन शी हे कोंबडखतापासून वायू तयार करणाऱ्या टाकीवर काम करत होते. ही टाकी ५० अंशांच्या आसपास चालत असे. तिच्यात पडलेली पिसे विरघळून जात होती. शी आणि सहकाऱ्यांनी त्या टाकीतून बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचा एक वाण वेगळा केला आणि १९९० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पोल्ट्री वेस्ट डायजेस्टर या टाकीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘पीडब्ल्यूडी-१’ म्हणतात. या जिवाणूने पिसे आंबवून केलेले खाद्य, कमी पडणाऱ्या अमिनो आम्लांची जोड देऊन, ब्रॉयलर पिलांना दिले तेव्हा त्यांची वाढ सोयापेंडीवरच्या पिलांच्या बरोबरीने झाली.

त्या जिवाणूने बाहेर सोडलेले विकर म्हणजे केराटिनेज. त्याचे जनुक १९९५ मध्ये वाचले गेले आणि तेव्हा एक नवल दिसले. धुण्याच्या पावडरीत रक्ताचे, अंड्याचे डाग काढण्यासाठी १९६० च्या दशकापासून वापरले जाणारे सब्टिलिसिन हे विकर आणि हे केराटिनेज जवळजवळ एकसारखे निघाले. २७४ अमिनो आम्लांच्या साखळीत फरक अगदी किरकोळ. प्रथिन कापण्याचे काम या साखळीतली तीन अमिनो आम्ले मिळून करतात, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, हिस्टिडीन आणि सेरीन, आणि ही तिकडी दोघांतही तीच आहे. अशा प्रथिनभेदक विकरांचा भारतात झालेला अभ्यासही मोलाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी १९९८ मध्ये लिहिलेला सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवरचा आढावा जगभरच्या संशोधकांनी वापरला आहे.

आता प्रश्न असा पडतो की, पिसे विरघळवणारे विकर हे डाग काढणाऱ्या विकराचे सख्खे भावंड असेल तर पिसांची अडचण केव्हाच सुटायला हवी होती. ती सुटली नाही. का, याचे उत्तर प्रयोगांतूनच मिळाले.

एकट्या कात्रीने भागत नाही

जिवंत जिवाणू पिसात सोडला की पीस विरघळते. त्याच जिवाणूचे विकर शुद्ध करून, एकटेच पिसावर घातले की काम मंदावते. निरनिराळ्या प्रयोगशाळांत, निरनिराळ्या जिवाणूंवर हेच दिसले आहे. शुद्ध विकराच्या जोडीला सल्फाइटसारखे रसायन टाकले की वेग पुन्हा वाढतो. सल्फाइट प्रथिन कापत नाही, गंधकाचे बंध तोडते. म्हणजे जिवाणू दोन कामे करत होता. एकीकडे तो टाके उसवत होता आणि दुसरीकडे सुटलेले थर कातरत होता. शुद्धीकरणात आपण कात्री तेवढी उचलली आणि उसवणारा हात मागे ठेवला. जपानी संशोधकांनी २००२ मध्ये स्टेनोट्रोफोमोनास या जिवाणूच्या बाबतीत याचा थेट पुरावा दिला. त्यांनी त्याच्यापासून दोन प्रथिने वेगळी केली, एक बंध तोडणारे आणि एक साखळी कापणारे. एकेकट्याने होणारे काम अल्प होते, दोन्ही एकत्र येताच ते कैक पटींनी वाढले. बुरशींची रीत आणखी निराळी. केसांवर आणि नखांवर वाढणाऱ्या काही बुरशी स्वतःच सल्फाइट तयार करून बाहेर सोडतात. शिंगे-पिसांवर उगवणारी ओनिजेना ही बुरशी तर किमान तीन प्रकारची प्रथिनभेदक विकरे वापरते. एक साखळीला मधोमध कापते, एक टोकाकडून कुरतडते आणि एक उरलेले बारीक तुकडे निकालात काढते.

म्हणून मला वाटते, ‘सर्वांत ताकदीचे केराटिनेज’ शोधण्याचा हट्ट सोडून जोडीचा विचार करायला हवा. पिसासाठी घडवायचे ते विकर एकटे पुरणार नाही, विकरांचा संच घडवावा लागेल. त्यात उसवण्याचे काम कोण करणार, सल्फाइट, दुसरे विकर, सौम्य वाफ की बुडबुड्यांचा तडाखा, हे आधी ठरवायला हवे आणि मग त्या परिस्थितीत टिकेल अशी कात्री घडवायला हवी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सल्फाइटमध्ये किंवा ६० अंशांच्या पाण्यात जी कात्री स्वतःच उलगडून निकामी होते तिची धार कितीही असली तरी व्यर्थ.

विकर घडवतात म्हणजे काय करतात

पहिली पायरी मुक्काम बदलण्याची. मूळ जिवाणू विकर थोडे तयार करतो आणि त्याच्या सवयी कारखान्याला सोयीच्या नसतात. म्हणून त्याचे जनुक बॅसिलस सब्टिलिस किंवा पिकिया यीस्टसारख्या माणसाळलेल्या सूक्ष्मजीवात घालतात. इथे एक बारीक गोष्ट आड येते. केराटिनेज जन्मतः २७४ अमिनो आम्लांचे नसते, ३७९ अमिनो आम्लांचे असते. पुढच्या २९ आम्लांचा तुकडा त्याला पेशीबाहेर नेतो आणि त्यानंतरचा ७६ आम्लांचा तुकडा त्याला नीट घडी घालायला मदत करतो. काम झाले की दोन्ही कापले जातात. हे दोन तुकडे नव्या यजमानाला मानवतील असे बदलले की विकराचे उत्पादन वाढते. विकराची किंमत इथेच कमी होते. लोकांचे लक्ष धारेकडे असते, मला तरी उत्पादनाची ही पायरी अधिक निर्णायक वाटते, कारण पीस हा स्वस्त कच्चा माल आहे आणि महाग विकर त्याला कधीच परवडणार नाही.

दुसरी पायरी टिकाऊपणाची. विकराची घडी ज्या जागी सैल असते तिथले अमिनो आम्ल बदलून ती घट्ट करता येते. डागांच्या विकरावर हा प्रयोग १९८० च्या दशकातच झाला. सब्टिलिसिन ब्लीचमध्ये मरत असे, कारण त्याच्या २२२ व्या जागेवरचे मेथिओनीन ऑक्सिजनला बळी पडते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्या एका जागी दुसरी अमिनो आम्ले बसवून दाखवली आणि ब्लीच सोसणारे विकर मिळाले. चीनमधल्या संशोधकांनी स्टेनोट्रोफोमोनासच्या केराटिनेजचा शेपटाकडचा एक आख्खा भाग काढून किंवा बदलून त्याचा टिकाऊपणा आणि केराटीनवरची पकड यांत फेरफार केले आहेत. नंदुरबारच्या दृष्टीने टिकाऊपणाला आणखी एक अर्थ आहे. इथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या गोदामात पोत्यात ठेवलेले विकर मे महिन्यात नासले तर सारा खटाटोप वाया. थंड देशात घडवलेल्या विकराला ही परीक्षा सहसा द्यावी लागत नाही. याची दुसरी बाजूही आहे. ५० अंशांवर चालणाऱ्या विकराला इथले सौर बंबातले पाणी बरेचसे पुरते पडेल.

तिसरी पायरी निवडीची आणि तीच सर्वांत अवघड. २७४ जागांपैकी एका जागी बदल करायचा म्हटला तर प्रत्येक जागी उरलेली १९ अमिनो आम्ले बसवता येतात, म्हणजे ५,२०६ पर्याय. एकाच वेळी दोन जागा बदलायच्या तर पर्याय १ कोटी ३५ लाखांच्या घरात जातात. सगळे तपासणे अशक्य. अमेरिकेच्या फ्रान्सेस अर्नॉल्ड यांनी १९९० च्या दशकात सब्टिलिसिनवरच वेगळी वाट दाखवली. जनुकात मुद्दाम चुका करायच्या, हजारो वाण तयार करायचे, त्यातले बरे निवडायचे, त्यांच्यात पुन्हा चुका करायच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करत राहायचे. या कामासाठी त्यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आता प्रथिनाच्या घडीचा अंदाज संगणक देतो. त्या कामालाही २०२४ चे नोबेल मिळाले. कोणत्या जागा हलवायच्या हे त्यामुळे आधीच चाळता येते.

पण निवडायचे कशावरून? प्रयोगशाळेत सोपी रीत अशी की, दुधाची भुकटी घातलेल्या बशीवर वाण वाढवायचे. ज्याच्याभोवती दूध कापले जाऊन स्वच्छ कडे पडते तो निवडायचा. दुधातले केसीन हे सुटे, बिनटाक्याचे कापड आहे. त्यावर ज्याचे कडे मोठे तो पिसावर शूर असेलच असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुधावर निवड केली तर दूध कापणारे उत्तम विकर हाती येते. खऱ्या पिसावर चाचणी घेणे किचकट आहे, पीस पाण्यात विरघळत नाही, प्रत्येक पीस दुसऱ्यासारखे नसते आणि उत्तर यायला तास किंवा दिवस लागतात. तरी निवड पिसावरच व्हायला हवी, आणि तीही दुकानातून येणाऱ्या ओल्या, चरबी लागलेल्या पिसावर. प्रयोगशाळेत धुऊन, दळून, चरबी काढून शुभ्र केलेल्या पिसावरचे मोठमोठे आकडे वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

चौकट : शंभर किलो कोरड्या पिसांचे मोल

- खत म्हणून : पिसात सुमारे १५ टक्के नत्र असते. १०० किलो पिसांत १५ किलो नत्र, म्हणजे ३३ किलोच्या आसपास युरियाएवढे. ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या दराने या नत्राचे मोल २०० रुपयांहून कमीच भरते.
- खाद्य म्हणून : १०० किलोंत किमान ८५ किलो प्रथिन. त्यातले ७० टक्के पचण्याजोगे झाले तर ६० किलो. एवढे पचणारे प्रथिन मिळवायला दीडशे किलोच्या आसपास सोयापेंड लागते.
- अट : पिसातल्या प्रथिनात लायसीन, मेथिओनीन, हिस्टिडीन आणि ट्रिप्टोफॅन कमी. सोयापेंडीची पूर्ण जागा ते घेऊ शकत नाही, काही भागच घेऊ शकते.

चौकटीतल्या हिशेबावरून माझा कल स्पष्ट व्हावा. पिसांचे द्रवखत करून मिरचीच्या शेतात घालावे, अशी सूचना वारंवार होते. नंदुरबार मिरचीसाठी प्रसिद्ध असल्याने ती आकर्षकही वाटते. सेंद्रिय शेती करणाऱ्याला तिचा उपयोग आहेच. पण युरिया इतका स्वस्त असताना निव्वळ नत्रासाठी घडवलेले विकर वापरणे परवडणारे नाही. या विकराचा खर्च खाद्यातूनच निघू शकतो. सिस्टीनचा तर वेगळा फायदा आहे. कोंबडीला गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, ती गरज काही प्रमाणात सिस्टीन भागवते आणि महाग मेथिओनीनची तेवढी बचत होते. वाफेत हेच सिस्टीन बिघडते, विकराच्या सौम्य प्रक्रियेत ते बरेचसे शाबूत राहते.

रोगाचा आक्षेप

नवापूरच्या माणसापुढे पिसापासून खाद्य करण्याची गोष्ट काढली तर तो सर्वांत आधी बर्ड फ्लूबद्दल विचारेल. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातल्या पाळीव कोंबड्यांत एच५एन१ विषाणू सापडल्याचे पहिल्यांदा जाहीर झाले ते नवापुरातून. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, लाखो कोंबड्या मारून चुन्यासह पुरल्या गेल्या आणि इथल्या व्यावसायिकांचे कंबरडे मोडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे संकट पुन्हा आले. हा विषाणू पिसांच्या मुळाशी असलेल्या पेशींतही वाढू शकतो, हे संशोधनातून दिसले आहे. त्यामुळे हा आक्षेप टाळून पुढे जाणे बेजबाबदारपणाचे होईल.

माझ्या मते त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. साथीत मारलेल्या पक्ष्यांचे एकही पीस खाद्यात जाता कामा नये. ते शासनाच्या नियमांप्रमाणे पुरायचे किंवा जाळायचेच. त्यात विकराला स्थान नाही. निरोगी पक्ष्यांच्या पिसांबाबतही, विकर ५० अंशांवर काम करते म्हणून माल आपोआप निर्जंतुक होतो, असे समजू नये. विषाणू मारण्यासाठी सगळ्या मालाचे तापमान ७० अंशांच्या वर नेणारी पायरी वेगळी हवी आणि तिची नोंद ठेवायला हवी. विकराने द्रव झालेला माल वाळवावा लागतोच, त्या वेळी हे साधते. १४० अंशांपेक्षा ७०-८० अंश पुष्कळ स्वस्त आहेत आणि तेवढ्यात अमिनो आम्लांचे नुकसानही थोडे होते.

याला लागूनच दुसरी शंका येते. कोंबडीला कोंबडीचेच अवशेष खाऊ घालावेत का? गुरांच्या वेडसरपणाच्या रोगानंतर युरोपने २००१ मध्ये प्राणिजन्य प्रथिनांवर कडक बंदी घातली आणि २०२१ मध्ये ती थोडी सैल केली. कोंबडीचे प्रथिन डुकरांना आणि डुकरांचे कोंबड्यांना चालेल, पण त्याच जातीला परत नाही, असा तिथला दंडक आहे. गुरांच्या त्या रोगाला कारण ठरणारी विकृत प्रथिने कोंबड्यांत आढळलेली नाहीत. शिवाय पीडब्ल्यूडी-१ च्या केराटिनेजने, आधी उष्णतेची प्रक्रिया केल्यावर, ती विकृत प्रथिनेही मोडता येतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. तरीही सावधपणाचा मार्ग उपलब्ध असताना तो का सोडावा? पिसांचे प्रथिन आधी माशांच्या खाद्यात वापरावे. उकाई धरणाच्या फुगवट्याच्या काठी मासळीवर जगणारी गावे नवापूर तालुक्यातच आहेत.

निसटलेले विकर आणि बदललेले जनुक

पिसे विरघळवणारे विकर कामगाराचे केस-नखे खाईल का, शेडमध्ये निसटले तर जिवंत कोंबड्यांची पिसे गळतील का, हीही भीती व्यक्त होते. विकर हे निर्जीव प्रथिन आहे, ते वाढत नाही, पसरत नाही. त्याला कोमट पाणी, योग्य क्षारता आणि बराच वेळ लागतो, आणि टाके उसवणारा जोडीदार नसेल तर ते पिसाच्या पृष्ठभागावरच अडते. धुण्याच्या पावडरीतून त्याचे भावंड आपण वर्षानुवर्षे हाताळत आलो आहोत. खरी जपणूक कोरड्या विकराच्या धुळीपासून करायला हवी. ती श्वासात गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो आणि पावडर बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना तो झालेला आहे. म्हणून विकर दाणेदार किंवा द्रव रूपातच द्यावे आणि कामगाराला मास्क द्यावा. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवाचे काय, असे विचारणाऱ्याला सांगायचे ते हे की, तो बंद टाकीत वाढतो आणि विकर काढून घेतल्यावर गाळून वेगळा केला जातो. पिसांच्या टाकीत फक्त विकर येते. मात्र जिथे खुद्द जनुक बदललेला जिवाणूच पिसांवर सोडण्याचा विचार असेल, तिथे मी विरोधाच्या बाजूने उभा राहीन. उघड्यावरच्या कामाला मूळचे रानटी वाणच बरे.

आरंभ कुठून

तेव्हा परिपूर्ण विकराची वाट पाहण्याचे कारण नाही. आज बाजारात मिळणारे सब्टिलिसिन गटातले विकर, अन्नप्रक्रियेत वापरात असलेले सल्फाइट किंवा थोडक्या वेळाची सौम्य वाफ, आणि शेवटी ७० अंशांच्या वरचे वाळवण, एवढ्या तीन पायऱ्यांवर छोटे केंद्र उभे राहू शकते. त्याच वेळी चांगल्या वाणांचा शोध इथेच व्हायला हवा. वर्षानुवर्षे पिसे पडत आलेल्या नवापूरच्या मातीत पिसे पचवणारे आणि इथल्या उन्हाला सरावलेले जिवाणू असणार. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत हा जिल्हा येतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा जवळचा आणि उपयोगी विषय सापडणे कठीण, फक्त चाचणी दुधाच्या बशीवर थांबवू नये.

या सगळ्याच्या आधी मात्र एक गोष्ट लागते आणि तिला विज्ञानाची गरज नाही. आज दुकानात पिसे, आतडी, रक्त आणि प्लास्टिकच्या पिशव्या एकाच पिंपात पडतात. अशा मालावर कोणतेही विकर चालणार नाही, कारण आतडी-रक्तातले सोपे प्रथिन ते आधी कापत बसेल आणि तोवर सगळा माल नासेल. नवापूर, नंदुरबार, शहादा आणि तळोदा इथल्या नगरपरिषदांनी चिकनच्या प्रत्येक दुकानाला पिसांसाठी झाकणाचे वेगळे पिंप द्यावे, ते रोज उचलावे आणि परवाना देताना ही अट घालावी. दुकानदारांनीही तोवर थांबू नये, पिसे आजपासूनच वेगळी ठेवावीत.